खिशातला सरंजाम

'सरंजाम' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि आपल्या प्रदेशातील जुन्या मराठी घरांना ते दोन्ही परिचयाचे असावेत. लग्नाचा सरंजाम, पूजेचा सरंजाम, प्रवासाचा सरंजाम असे आपण म्हणतो तेव्हा कार्याला लागणारे सगळे सामानसुमान अभिप्रेत असते. दुसरा अर्थ दप्तरातला. फौज बाळगण्यासाठी किंवा अन्य काही प्रयोजनाने सरकारने एखाद्याला नेमून दिलेला गावांचा वसूल, तोही सरंजामच. सरंजामदाराने वसूल घ्यावा, गावाची व्यवस्था पाहावी. स्वामित्व मात्र देणाऱ्याकडेच राहावे आणि त्याची मर्जी फिरली तर सरंजाम जप्तही व्हावा, अशी ती रीत होती.

नगर हवेलीचा आधुनिक इतिहास या दुसऱ्या अर्थावर उभा आहे. पेशव्यांनी पोर्तुगीजांशी १७७९ साली केलेल्या तहानुसार वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांना द्यावयाचे ठरले आणि पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती नेमून दिली गेली. १९५४ च्या जुलैत दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्यानंतर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे ते कागद पुन्हा उघडावे लागले. पेशव्यांनी दिले ते राज्य, की नुसता वसूल? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम या स्वरूपाचा वसुलीचा हक्क होता. सार्वभौमत्व त्यांनी दिले नव्हते. परंतु पुढे असेही म्हटले की मराठ्यांच्या जागी इंग्रज आले तेव्हा त्यांनी या गावांवरील पोर्तुगीज सत्ता न बोलता मान्य केली. देताना जे दिले नव्हते ते कोणी हरकत न घेतल्यामुळे मिळून गेले!

माझी सारी नोकरी महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात गेली. ताबा, वहिवाट, भोगवटा आणि मालकी या चार शब्दांमधील अंतर मोजणे हेच तेथील निम्मे काम. निवृत्तीनंतर हे शब्द कायमचे दप्तरात बांधून ठेवले असे वाटत होते. ते पुन्हा टेबलावर आले ते जमिनीच्या वादाने नव्हे, तर काडेपेटीहून थोड्या मोठ्या अशा एका काळ्या वस्तूमुळे. तिला एक्स्टर्नल डिस्क म्हणतात. संगणकाच्या बाहेर राहणारी, तारेने जोडावयाची आणि काढून खिशात घालावयाची ही स्मरणपेटी. तिच्यात नुसते कागद आणि छायाचित्रेच ठेवली जातात असे नाही. आता सबंध कामाचे प्रोग्राम आणि खेळही तिच्यातून थेट चालविता येतात. खरोखरच सरंजाम खिशात मावतो. प्रश्न एवढाच की तो शब्दाच्या कोणत्या अर्थाने सरंजाम आहे.

ज्या वाचकांना संगणकाचा विशेष सराव नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नेहमीचा प्रोग्राम संगणकावर बसविला की तो एका जागी राहत नाही. काही भाग प्रोग्रामच्या दालनात जातो, काही विंडोजच्या स्वतःच्या दालनात, आपल्या आवडीनिवडींच्या नोंदी तिसरीकडे, आणि या सगळ्याचा उतारा 'रजिस्ट्री' नावाच्या मध्यवर्ती नोंदवहीत. एखादे कुटुंब गावात येऊन राहिले की त्याची नावे रेशनकार्डात, मतदारयादीत आणि शाळेच्या पटावर चढतात, तसेच हे. त्यामुळे अशा प्रोग्रामची मुख्य फाइल उचलून दुसऱ्या संगणकावर नेली तर तो बहुधा चालतच नाही. त्याची मुळे जुन्या घरी राहिलेली असतात. यावर उपाय म्हणून 'पोर्टेबल' प्रोग्राम निघाले. त्यांची रचना अशी की जे काही हवे ते सर्व एकाच फोल्डरमध्ये असावे, नोंदीही तेथेच व्हाव्यात, आणि यजमान संगणकाच्या नोंदवहीत शक्यतो काहीही लिहू नये. पेन ड्राइव्ह २००० सालाच्या सुमारास बाजारात आले आणि २००४ मध्ये जॉन हॉलर या अमेरिकन प्रोग्रामरने फायरफॉक्स या ब्राउझरची अशी खिशात नेता येणारी आवृत्ती तयार केली. पाठोपाठ लेखनाचे, चित्रांचे, गाणी वाजविण्याचे प्रोग्राम आले. बिऱ्हाड पाठीवर हा वाक्प्रचार आपण भटक्यांसाठी वापरतो. तो आता सुशिक्षितांनाही लागू झाला. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या मला ही कल्पना फारच मोहक वाटली, हे सांगितले पाहिजे. कोणत्याही कचेरीतील कोणत्याही यंत्रापुढे बसावे आणि आपलीच टाइप करण्याची पद्धत, आपलाच शब्दकोश, आपलाच बुद्धिबळाचा अर्धवट डाव समोर यावा, याहून सुख ते कोणते!

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून सिल्वासाला आला तो अशीच एक डिस्क घेऊन. तिच्यात शंभर जीबीहून मोठा एक खेळ होता. खाऊचे आणि शिष्यवृत्तीचे पैसे साठवून त्याने तो विकत घेतला होता, आणि हे 'विकत घेतला' शब्द त्याने दोनदा उच्चारले. माझ्या संगणकाला डिस्क जोडली. खेळ तेथेच होता, एकही फाइल कमी नव्हती. पण त्या संध्याकाळी आमच्याकडे इंटरनेट बंद होते आणि नव्या यंत्रावर पहिल्यांदा चालताना खेळाला आपल्या कंपनीच्या सर्व्हरला विचारावयाचे होते. विचारता आले नाही, म्हणून तो सुरूच झाला नाही. पोरगा चिडला. "आबा, डिस्क माझी, पैसे माझे, कॉम्प्युटर तुमचा. मग परवानगी कोणाची मागायची?" असे त्याने विचारले, आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाला, की एका मित्राकडे याच खेळाची कुलूप तोडलेली प्रत आहे, ती कुठेही चालते, आणून टाकू का?

त्याला मी 'नको' म्हटले. परंतु 'का नको' हे सांगताना मला बरेच अडखळावे लागले, आणि या लेखाचे कारण ते अडखळणे आहे. चोरी वाईट असते एवढे सांगून भागण्यासारखे नव्हते. कारण त्याचा प्रश्न खोटा नव्हता.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी ताबा आणि मालकी यांचा विचार किती बारकाईने केला आहे याची आज फारशी कोणाला कल्पना नसते. याज्ञवल्क्य स्मृती 'आगम' आणि 'भुक्ती' असे दोन शब्द वापरते. आगम म्हणजे वस्तू आपल्याकडे कोणत्या हक्काने आली तो मूळ आधार; भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग. मालकाच्या डोळ्यांदेखत दुसरा कोणी जमीन वीस वर्षे किंवा जंगम धन दहा वर्षे उपभोगीत राहिला आणि मालक काहीच बोलला नाही, तर मालकाची हानी होते, असे तेथे सांगितले आहे. (हेगच्या न्यायाधीशांनी इंग्रजांच्या मौनाला जे महत्त्व दिले त्याची येथे आठवण होते.) पण लगेचच त्याला अपवाद दिले आहेत, आणि त्यात गहाण आहे, विश्वासाने ठेवावयास दिलेली ठेव आहे, अज्ञान मुलाचे धन आहे. ठेव कितीही वर्षे आपल्या कपाटात राहिली तरी ती आपली होत नाही. याच स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांनी आणखी एक मोलाची गोष्ट म्हटली. स्वत्व, म्हणजे वस्तू आपली असणे, हे केवळ शास्त्रवचनाने ठरत नाही. ती लौकिक गोष्ट आहे, लोकव्यवहारातून ती ओळखावयाची असते. म्हणून कागदावर काय लिहिले आहे एवढेच पाहून चालत नाही. लोक त्या व्यवहाराला काय समजतात हेही पाहावे लागते.

आता नातवाच्या खेळाचा व्यवहार पाहा. दुकानाच्या पडद्यावर 'खरेदी करा' असे बटण होते. लोकव्यवहारात खरेदीचा अर्थ स्वच्छ आहे: पैसे दिले, वस्तू माझी झाली, ती मी वापरीन, ठेवीन, भाच्याला देईन किंवा रद्दीवाल्याला विकीन. पण त्या बटणाखाली जो लांबलचक करार असतो, आणि जो कोणीही वाचत नाही, त्यात सांगितलेले असते की तुम्हाला मिळाला तो फक्त वापरण्याचा परवाना. हा परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि ठरावीक प्रसंगी तो मागे घेता येतो. माझ्या खात्याच्या भाषेत सांगावयाचे तर नातू भोगवटादार वर्ग २ निघाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे या वर्गाचा भोगवटादार जमीन पिढ्यान्पिढ्या कसू शकतो, पण हस्तांतरणावर बंधने असतात. फरक एवढाच की वर्ग २ ची नोंद सातबाऱ्यावर उघड असते आणि खेडेगावातील निरक्षर माणसालाही ती ठाऊक असते.

आपल्याकडील अल्वाराच्या जमिनींचे उदाहरण तर आणखी जवळचे. पोर्तुगीज अमदानीत ज्यांना अल्वाराने जमिनी मिळाल्या त्यांच्यावर त्या लागवडीखाली आणण्याची अट होती. मुक्तीनंतर, १९७४ साली, अटी पाळल्या गेल्या नाहीत या कारणावरून जिल्हाधिकाऱ्यांनी अनेक अल्वारे रद्द केले. त्यावरचे भांडण पन्नास वर्षे चालून २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात संपले आणि रद्द करण्याचा आदेश कायम राहिला. त्या निकालाची चर्चा येथे करावयाची नाही. आपल्यापैकी अनेकांच्या परिचितांचे त्यात हितसंबंध आहेत. मला दाखवावयाचे आहे ते एवढेच, की सशर्त देणे हे काही नवे पाप नाही. शर्त आधी माहीत असेल आणि तिला काही लोकोपयोगी हेतू असेल, जसा पडीक जमीन पिकाखाली आणण्याचा, तर असे देणे न्याय्यही असू शकते. शर्त झाकून ठेवून वर 'विक्री'ची पाटी लावणे, हा अन्याय निराळा.

कायद्यालाही हा गोंधळ पुरता उलगडलेला नाही. सॉफ्टवेअर ही वस्तू आहे की नुसती परवानगी, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००४ साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात आला. सीडी किंवा फ्लॉपीवर तयार विकले जाणारे सॉफ्टवेअर हा माल आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो, असे ठरले. पुढे २०२१ साली आयकराच्या एका मोठ्या वादात, परदेशी कंपन्यांना अशा तयार सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे हे कॉपीराइटच्या हक्काचा मोबदला नसून मालाची किंमत आहे, असे त्याच न्यायालयाने म्हटले. याचा अर्थ कर बसविताना तो माल. ग्राहकाने मुलाच्या नावे करावा म्हटले की मात्र तो परवाना. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील एक शब्द तर मला फारच बोलका वाटतो. प्रोग्राम ज्या कामासाठी दिला त्या कामासाठी वापरताना, किंवा तो नष्ट होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून, त्याची प्रत करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. पण ती 'मालका'ला दिलेली नाही, प्रतीच्या 'कायदेशीर ताबेदारा'ला दिली आहे. कायदा करणाऱ्याने मालक हा शब्द टाळला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली एक कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्याप्रमाणे, मागे घेता येणारा परवाना विकणाऱ्याने ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याखेरीज 'खरेदी' हा शब्द वापरावयाचा नाही. शब्दाची लाज राखण्यासाठी कायदा करावा लागावा, हे आमच्या पिढीला चमत्कारिक वाटते.

हे केवळ शब्दांचे खेळ नाहीत. 'द क्रू' नावाचा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली युबिसॉफ्ट कंपनीने आणला. ३१ मार्च २०२४ रोजी तिने त्याचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता त्यांच्या घरातील प्रती निरुपयोगी झाल्या. त्याआधी २००९ साली अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके परस्पर काढून घेतली होती. ज्याने ती विक्रीस ठेवली त्याला हक्क नव्हता, हे कारण, आणि पैसेही परत दिले. तरी घरातील फळीवरचे पुस्तक रात्रीतून कोणी येऊन नेऊ शकतो, हे त्या दिवशी जगाला कळले.

मग कुलूप तोडलेली प्रत आणावयास काय हरकत? येथे मला पुन्हा धर्मशास्त्राचाच आधार घ्यावासा वाटतो. दानाची जुनी व्याख्या अशी आहे की आपले स्वत्व आधी निवृत्त करावे आणि दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करावे. विक्रीतही तेच घडते, फक्त मोल घेऊन. सोडणे हा दोहोंचा प्राण आहे. गाय दिली की गोठा रिकामा होतो. मित्राने नातवाला खेळाची प्रत दिली असती तर मित्राच्या गोठ्यातून काय गेले असते? काहीच नाही. दुसऱ्याच्या श्रमाची वस्तू, स्वतः काही न सोडता, त्याने उदारपणाचा आव आणून वाटली असती. त्याला दान म्हणता येत नाही. पण त्याच मापाने कंपनीलाही मोजले पाहिजे. तिने पैसे घेतले आणि तिनेही काही सोडले नाही. खेळ नातवाच्या डिस्कमध्ये आणि स्वत्व संपूर्णपणे तिच्याच हातात. म्हणजे कुलूप तोडून वाटणारा आणि कुलूप ठेवून 'विकणारा' हे एकमेकांचे शत्रू म्हणवीत असले तरी दोघांची लबाडी एकाच जातीची आहे: न सोडता दिल्याचे दाखविणे. एक दात्याचे पुण्य फुकट घेतो, दुसरा विक्रेत्याची किंमत.

नातवाला मी हे अशा शब्दांत सांगितले नाही. त्याला एवढेच म्हटले, की कंपनीने तुला फसविले असेल तर तिच्याशी भांड, पैसे परत माग, पुढच्या वेळी तिच्याकडून घेऊ नकोस; पण ज्या चित्रकारांनी आणि प्रोग्रामरांनी वर्षानुवर्षे बसून तो खेळ रचला त्यांचा हिशेब मित्राच्या पेन ड्राइव्हने मिटत नाही. त्याने विचारले, उद्या कंपनीच बंद पडली तर? तर माझे मत वेगळे आहे. ज्याने प्रामाणिकपणे किंमत मोजली, आणि विकणाऱ्यानेच दुकान बंद करून किल्ली फेकून दिली, त्याने स्वतःपुरता तो खेळ चालता ठेवला तर मला त्यात नैतिक दोष दिसत नाही. आपल्या कायद्यातही २०१२ साली कुलूप तोडण्याविरुद्ध जे कलम घातले त्यात, हक्काचा भंग करण्याच्या हेतूने तोडले तर शिक्षा, असा हेतूचा उल्लेख आहे. न्यायालये त्याचा अर्थ कसा लावतील ते लावोत. हेतू पाहावयाचा ही दृष्टी मला योग्य वाटते.

जगात खरे देणारेही आहेत. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिबरऑफिस हे प्रोग्राम त्यांच्या कर्त्यांनी असे सोडले आहेत की कोणीही ते वापरावेत, डिस्कवर घालून शेजाऱ्याला द्यावेत, जाणत्याने त्यांच्या आतील रचना वाचून सुधाराव्यात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली ज्या जनरल पब्लिक लायसन्सचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला त्यात एक अटही आहे: तुम्हाला जे स्वातंत्र्य मिळाले ते पुढच्याला देताना कमी करू नका. तेव्हा येथेही शर्त आहे, पण तिचा रोख पाहावा. ती देणाऱ्याचा हात राखण्यासाठी घातलेली नाही, तिसऱ्याचा हात मोकळा राहावा म्हणून घातली आहे. येथे गोठा रिकामा होत नाही हे खरे. पण कर्त्याने इतरांना अडविण्याचा आपला हक्क सोडला, आणि या क्षेत्रात सोडण्यासारखे तेवढेच असते. विद्येविषयी आपण जे म्हणतो, की ती दिल्याने घटत नाही, ते येथे अक्षरशः लागू पडते. अशा प्रोग्रामांनी भरलेली डिस्क ही सामानसुमानाच्या अर्थाने सरंजाम आहे. दुसरी, परवान्यांनी भरलेली, ती पेशव्यांच्या दप्तरातली.

एवढ्याने प्रश्न संपत नाही, कारण डिस्क एकटी चालत नाही. तिला दुसऱ्याचे यंत्र लागते, त्याची वीज, त्याचा पडदा, त्याची स्मृती. आपल्या मालकीचा प्रोग्राम असला तरी तो परक्या भूमीतून जातो. आणि पुन्हा हेगचाच निकाल आठवतो, कारण त्या खटल्याचे नावच 'भारतीय प्रदेशावरून जाण्याचा हक्क' असे होते. दमणहून दादरा आणि नगर हवेलीला यावयाचे तर मधला मुलूख भारताचा. न्यायालयाने म्हटले की खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्याचा हक्क होता, मात्र भारताच्या नियंत्रणाखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना नव्हता. १९५४ साली भारताने वाट अडविली त्यातही त्याने आपले कर्तव्य मोडले नाही.

दुसऱ्याच्या संगणकाला डिस्क लावणाऱ्याला याहून चांगला नियम मला सुचत नाही. एके काळी पेन ड्राइव्ह लावताच विंडोज त्यावरील प्रोग्राम आपोआप सुरू करण्याची सोय देत असे. तिचा फायदा घेऊन कितीतरी व्हायरस कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरले, आणि २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधूनही पेन ड्राइव्हपुरती ती सोय काढून टाकली. इराणच्या नातान्झ येथील अणुकेंद्राचे नुकसान करणारा आणि २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेटही पेन ड्राइव्हवरून पसरणाऱ्यांपैकीच होता. विचारून, यजमानाच्या देखत, एखादा प्रोग्राम चालविणे हे मुलकी जाणे. न विचारता आपोआप चालू होणे हे सशस्त्र जाणे. सरकारी कचेऱ्यांत बाहेरची डिस्क लावण्यास अनेक ठिकाणी मनाई असते आणि तरुण कर्मचारी त्यावर कुरकुरतात. त्यांनी वाट अडविण्याच्या हक्काचा हा इतिहास वाचावा.

पोर्टेबल प्रोग्रामांची मोठी जाहिरात अशी असते, की ते मागे काही खूण ठेवीत नाहीत. हा गुण की अवगुण? पाहुण्याने अंथरूण आवरून जावे हा शिष्टाचार आहे. पण पाहुणा येऊन गेला हेच घरच्यांना कळू नये अशी काळजी तो घेत असेल तर आपण त्याला पाहुणा म्हणणार नाही. शिवाय ती जाहिरात पूर्ण खरीही नाही. कोणती डिस्क केव्हा जोडली होती याच्या काही नोंदी विंडोज स्वतः ठेवते. गावात कोण आले आणि कोण गेले हे पोलीसपाटलाला कळतेच.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, खेळासाठी एवढा खल कशाला? खेळ गेला तर दुसरा येईल. मान्य आहे. म्हणूनच आता आपल्या मंडळाच्या कपाटातील एका डिस्ककडे वळतो. युनिकोड रुळण्यापूर्वी, आपल्या पत्रिकेचे अंक ज्या प्रोग्रामवर जुळविले जात त्याला एक 'डोंगल' लागे, म्हणजे संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी खोचावयाचे कुलूप. ते नसले की प्रोग्राम उघडत नसे. त्या काळच्या मराठी फाँटांची रीत अशी की पडद्यावर 'क' दिसला तरी फाइलमध्ये साठे ते रोमन लिपीतील किंवा भलतेच एखादे चिन्ह. तो फाँट नसेल तर सारा लेख निरर्थक चिन्हांचा ढीग. आपल्या अंकांच्या फाइली डिस्कवर सुरक्षित आहेत. शब्द आपल्या वडीलधाऱ्यांचे आहेत. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी, पोर्तुगीज शाळेच्या आठवणी, मोडी कागदांची वाचने, वारली घरांशी असलेल्या ऋणानुबंधांच्या हकिकती, सगळे तेथे आहे. पण डोंगल हरवले, नव्या संगणकाला ते खोचण्याची जागाच नसते, आणि किल्लीवर हक्क दुसऱ्याचा. भुक्ती नाही आणि आगम आहे, अशी उलटी अवस्था. लिहिणाऱ्यांपैकी बरेचजण आज हयात नाहीत. त्यांनी आपल्याकडे जे ठेवले ती ठेव आहे, आणि ठेवीचा नियम वर सांगितलाच आहे.

देवनागरीची युनिकोड संकेतावली १९९१ पासून उपलब्ध आहे आणि ती कोणाची खाजगी नाही. गेल्या वर्षभरात मंडळातील दोघा तरुणांनी, जुन्या फाँटांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे मोफत प्रोग्राम वापरून, बहुतेक अंक साध्या मजकुरात आणले आहेत. ते वाचता येतील असा पोर्टेबल लिबरऑफिसही त्याच डिस्कवर ठेवला आहे, म्हणजे विंडोजच्या यंत्रावर वेगळे काही बसवावे लागू नये. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात. त्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात आणि त्यासाठी डोळे शाबूत असलेले मुद्रितशोधक हवे आहेत. ज्यांना आपल्या घरासाठी प्रत हवी असेल त्यांनी स्वतःची डिस्क आणावी आणि भरून न्यावी, कोणाची परवानगी लागणार नाही. दोन अंक मात्र अजून उघडलेले नाहीत, त्यांचा फाँट कोठेच सापडत नाही. त्यांच्या छापील प्रती कोणाच्या माळ्यावर असतील तर कृपया चिटणिसांकडे आणून द्याव्यात. छायाचित्रे काढून घेऊन मूळ प्रती परत केल्या जातील.